ठासणीच्या बंदुकीसाठी नवा गज घेताना

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरून लांब काठीने ठासतात; ती काठी म्हणजे गज. तो मोडला की पुष्कळ जण हार्डवेअरच्या दुकानातून गोल लाकडी दांडी आणतात, मापाला कापतात आणि बंदुकीखालच्या कड्यांत सरकवून देतात. दिसायला ती गुळगुळीत आणि सरळ असते. तरीही कृपा करून ती वापरू नका.

अशी दांडी फळी चिरून यंत्रावर गोल केलेली असते. लाकडाच्या रेषा कुठून कुठे जातात हे यंत्र बघत नाही. त्यामुळे बऱ्याच दांड्यांत रेषा टोकापासून टोकापर्यंत न जाता मध्येच तिरकी बाहेर पडते. बार (म्हणजे दारू आणि गोळी किंवा छरे) ठासताना जोर वरून खाली असतो. दांडी वाकली की नेमकी त्या तिरक्या रेषेवर फाटते, दोन्ही तुकड्यांना अणकुचीदार टोक येते आणि खाली येणारा हात त्यावर आदळतो. तळहातातून आरपार गेलेल्या गजाची जखम फार वाईट असते. गज निवडताना आम्ही गज बनवणारे म्हणूनच रंग आणि चकाकी नंतर बघतो, आधी रेषा बघतो. तुम्हीही दुकानात गज हातात घेतलात तर उजेडाकडे धरून फिरवून बघा. एका टोकाला दिसणारी रेषा दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने गाठता आली पाहिजे.

अमेरिकेत या कामाला हिकरीचे लाकूड नावाजलेले आहे. आपल्याकडे ते होत नाही, पण सह्याद्रीत धामण आहे. कुऱ्हाडीचे दांडे, गाडीचे दांडे, धनुष्ये या सगळ्याला धामण चालत आली, कारण ती वाकते आणि परत सरळ होते. आम्ही धामणीचा ओंडका करवतीने कापत नाही, पाचर मारून फोडतो. फोडलेले लाकूड स्वतःच्या रेषेनेच उकलते, म्हणून रेषा तुटायचा प्रश्न राहत नाही. काड्या सावलीत सुकवायच्या, मग रंध्याने आधी चौकोनी, नंतर आठ पैलू, नंतर सोळा पैलू आणि शेवटी गोल. लेथवर इतकी लांब, बारीक काडी मध्ये थरथरते आणि जाडी सारखी येत नाही, त्यामुळे हे काम हातानेच करतो. बरेचसे लाकूड या पायऱ्यांवरच बाद होते. गजाची किंमत दांडीपेक्षा जास्त असते ती यामुळे.

स्वस्त आणि चांगला दुसरा पर्याय म्हणजे माणगा. सिंधुदुर्गातला हा बांबू जवळजवळ भरीव असतो. तीन वर्षांवरची काठी, पाऊस संपल्यावर तोडलेली, वाहत्या पाण्यात भिजवून मग सुकवलेली असेल तर तिला भुंगा सहसा लागत नाही. कड्यांतून जाण्यासाठी पेरे घासावी लागतात, मात्र बाहेरची साल शक्य तितकी राखायची, कारण बांबूचे बळ सालीजवळच असते. काठी वाकडी असेल तर निखाऱ्यावर शेकून सरळ होते.

फायबरचा गज मोडत नाही म्हणून काही जण मागतात. साध्या गुळगुळीत नळीला तो चालेल. रायफलच्या आट्यांना (नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांना) मात्र त्याला चिकटलेली धूळ घासत राहते. दर वेळी पुसायची सवय असेल तरच तो घ्या.

लोखंडी गजाची गोष्ट वेगळी. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लाकडी गज सोडून लोखंडी घेतले, कारण घाईत ठासताना लाकडी मोडत. 1741 च्या मोल्विट्झच्या लढाईत त्यांच्या पायदळाच्या झपाट्याचे श्रेय या गजांनाही दिले जाते. 1853 च्या एन्फिल्ड या ब्रिटिश ठासणीच्या रायफलला तर कारखान्यातूनच पोलादी गज येई. तुमच्याकडे एन्फिल्ड असेल तर तिला लाकडी गज बसवून तिचे रूप घालवू नका. आणि नळीचे माप पुस्तकातून घेऊ नका. मूळ रायफल 0.577 इंची, पण 1857 नंतर देशी शिपायांसाठी त्याच घडणीच्या, आतून गुळगुळीत, 0.656 इंची बंदुकाही केल्या गेल्या. बाहेरून फरक पटकन कळत नाही.

माप घेण्याआधी

हा भाग दोनदा वाचा. माळ्यावर किंवा खुंटीवर वर्षानुवर्षे राहिलेल्या बंदुकीत बार भरलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी झाली तरी पेटते. निप्पलवर (नळीच्या मागच्या टोकाला, घोडा आदळतो ती छोटी पोकळ नळी) केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) नाही हे आधी बघा. नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवा, चेहरा आणि छाती त्याच्या समोर आणू नका. मग एक सरळ काडी नळीत अलगद सोडा, तोंडापाशी पेन्सिलीने खूण करा, काडी काढा आणि खूण तोंडाशी जुळवून ती नळीला बाहेरून लावा. काडीचे टोक निप्पलच्या जवळपास यायला हवे. दोन-तीन बोटे आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. कदाचित कुंभारीण माशीचे मातीचे घर असेल, कदाचित बार. ते ओळखण्याच्या फंदात न पडता बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

बंदूक रिकामी असेल तर हीच लांबी आम्हाला हवी असते. तिच्यावरून आम्ही गजाला डागून एक कडे काढतो: ती रिकाम्या नळीची खूण. नेहमीचा बार भरल्यावर दुसरी खूण तुम्ही स्वतः करा. दारूवर दारू पडली आहे का, गोळी वरच अडकली आहे का, हे त्या दोन खुणा लगेच सांगतात.

जाडीसाठी खालच्या कड्यांपैकी सर्वांत अरुंद कडी मोजा. साधारण 8, 9.5 किंवा 11 मिलिमीटरचे गज लागतात. कोकणच्या पावसात लाकूड फुगून पन्हळीत (नळीखालच्या, गज बसवायच्या खाचेत) अडकते, म्हणून आम्ही अर्धा मिलिमीटर सैल ठेवतो. 8 मिलिमीटरपेक्षा बारीक लाकडी गज आम्ही करत नाही, कोणी आग्रह केला तरी.

पुढचे पितळी टोक नळीच्या आतल्या मापावर ठरते. बारा बोअरची नळी आतून सुमारे 18.5 मिलिमीटर असते. तिला रुंद, सपाट टोक लागते, म्हणजे छऱ्यांवरचा बोळा सगळीकडून सारखा दाबला जातो. रायफलमध्ये कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी घट्ट जाते, तिथे टोक खोलगट हवे, नाहीतर गोळी चेपते. टोक नुसते चिकटवलेले असेल तर साफसफाई करताना चिंधीसकट नळीतच राहते. आम्ही ते चिकटवून शिवाय आडवी पितळी पिन मारतो.

ठासताना गज नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरा आणि थोडे थोडे करत खाली न्या. वरच्या टोकाला धरून एका दमात दाबलात तर धामणही मोडेल. बार उडवण्याआधी गज बाहेर आहे ना, हे हात लावून पाहा. नळीत राहिलेल्या गजाने नळी फाटू शकते.

गजाला वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जवसाचे तेल चोळा. तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली तर परत घेताना गज आपलाच आहे का हे खुणा बघून तपासा.

नुसत्या गजासाठी बंदूक घेऊन येऊ नका. नळीची आतली लांबी, नळीच्या तोंडाचे आतले माप, अरुंद कडीचे माप, परवान्याची प्रत आणि जुन्या गजाचा तुकडा असेल तर तो, एवढे आम्हाला पुरते.