सांगलीत घर घेताना: आधी फूट, मग गुंठा

कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर गेली की धोका. 1929 सालच्या या पुलावरचे आकडे सांगलीत घराचा व्यवहार करणाऱ्यांच्या बोलण्यात रोज असतात. बाहेरगावचा ग्राहक ‘इथे पूर येतो का?’ असे विचारतो आणि त्याला ‘नाही, नाही’ असे उत्तर मिळते. इथलाच माणूस विचारतो, ‘किती फुटाला दारात येतं?’ या प्रश्नाला नेमका आकडा सांगावा लागतो, आणि तो गल्लीतल्या चार घरांत विचारून पडताळता येतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड ही नावे दर पावसाळ्यात सगळ्यात आधी ऐकू येतात. विश्रामबागेकडे दर चढा का, याचे निम्मे उत्तर यातच आहे.

उरलेले निम्मे उत्तर कागदात आहे, आणि कागदाचा इतिहास पुराहून गुंतागुंतीचा आहे.

सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची दोन संस्थाने. 1801 च्या सुमारास सांगली मिरजेपासून वेगळी झाली आणि नदीकाठी गावभाग, खणभाग, वखारभाग अशी वस्ती वाढत गेली. 1948 मध्ये संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जुन्या भागांतल्या घरांना सातबारा नसतो, नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. तिच्यावर सत्ताप्रकार, क्षेत्र आणि धारकांची नावे असतात. अडचण बहुतेक वारसांची. आजोबांचे नाव तसेच राहिलेले, एक शाखा पुण्यात, लग्न झालेल्या बहिणींची नोंदच नाही. 2005 नंतर हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला, त्यामुळे ‘बहिणींचं काही नाही’ हे तोंडी आश्वासन चालत नाही. सगळ्यांच्या सह्या, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. शहराभोवतीच्या जमिनींत इनामे होती, देवस्थानचीही. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ किंवा देवस्थानचा शेरा दिसला तर परवानगीवाचून पुढे जाऊ नये. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीलाही विक्रीची अट होती. 2014 च्या दुरुस्तीने दहा वर्षांनंतर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या आकारणीच्या) 40 पट रक्कम भरून ती विकता येऊ लागली. भरल्याचे चलन आणि फेरफार दोन्ही हातात हवे.

आता गुंठा. 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतात तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदी कायदा आला. शहरात मोकळ्या जमिनीचा साठा एकाच हाती राहू नये म्हणून 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला, आणि त्याच्या यादीत सांगलीही होती. मर्यादा 2,000 चौरस मीटरची. मंजूर रेखांकन करायचे तर बिगरशेती परवाना, रस्ते, मोकळी जागा, अधिकाऱ्यांकडचे हेलपाटे. त्यातून कमाल धारणेत जमीन जाण्याची धास्ती वेगळीच. म्हणून मालकांनी सोपा मार्ग काढला: जमीन शेतीच ठेवायची आणि गुंठ्याने विकायची. हीच गुंठेवारी. साखर कारखाना, मार्केट यार्ड, कुपवाडची औद्योगिक वसाहत, दुष्काळी तालुक्यांतून आलेली माणसे, यांना परवडणारे दुसरे काही नव्हते. त्यांनी खोटेपणा केला नाही. त्यांच्या ऐपतीत बसेल असे मंजूर घर कोणी बांधलेच नाही.

पण त्या काळचा कागद आजही बाजारात फिरतो, म्हणून तो कसा असतो ते पाहायला हवे. काहींचे अविभक्त हिश्श्याचे खरेदीखत असते. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे सामाईक, कुणाचा तुकडा कुठला हे फक्त हाताने काढलेल्या नकाशावर. काहींकडे शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेले संचकारपत्र आणि सोबत वटमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद. संचकार म्हणजे विसार देऊन केलेला करार. त्याने मालकी येत नाही. वटमुखत्यारावर झालेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. ताबा देऊन केलेला करार 2001 पासून नोंदवलेला नसेल तर त्या ताब्यालाही कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की एरवी ते संपते, आणि मग त्याचे वारस दारात उभे राहतात.

2001 मध्ये राज्याने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. त्यात 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे आणि प्लॉट बसत होते. 2021 च्या दुरुस्तीने ही तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आली. कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने 2007 मध्ये रद्द केला. तुकडेबंदीत अडकलेले जुने व्यवहार बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय 2017 मध्ये आली. ती रक्कम जास्त म्हणून लोक फिरकले नाहीत, आणि 2024 मध्ये दर 5 टक्क्यांवर आणावा लागला. 2023 मध्ये शेतजमिनीचे किमान क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ठरले, पण त्याने जुन्या अर्ध्या गुंठ्याचे कोडे सुटत नाही.

‘गुंठेवारी झालेली आहे’ असे विक्रेता सांगतो, तेव्हा नियमितीकरणाचे प्रमाणपत्र कुणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती आणि नकाशातला प्लॉट क्रमांक जागेवरच्या चतुःसीमांशी जुळतो का, हे बघावे. आणखी एक: प्लॉट नियमित झाला म्हणजे वरचे बांधकामही झाले असे नाही. वाढवलेला मजला बहुधा प्रमाणपत्रात नसतो. बँकेचा वकील तिथेच थांबतो, आणि कर्ज नामंजूर झाल्यावर संचकार परत मागण्याची वेळ येते. म्हणून संचकारपत्रातच लिहून घ्यावे की कर्ज किंवा हक्क तपासणी फसली तर रक्कम अमुक दिवसांत परत. रोखीत 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक विसार घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, पण आपल्याकडे अजून बरेचसे व्यवहार रोखीनेच ‘टोकन’ मागून सुरू होतात.

शहर म्हणून हे सारे एका छताखाली आले ते 1998 मध्ये, सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली तेव्हा. आधीची घरे तीन वेगवेगळ्या कारभारांतली, म्हणून जुनी बांधकाम परवानगी शोधताना फाईल कुठल्या कार्यालयात गेली हे आधी विचारावे लागते. महापालिकेबाहेरच्या गावांत, माधवनगर, बुधगाव, हरिपूर, अंकली या बाजूला, ‘नमुना 8 आहे ना’ असे सांगितले जाते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद; तिने मालकी सिद्ध होत नाही. महसुलाचा 8अ वेगळा, तो खातेदाराचा. दोन्हींत ‘आठ’ आहे म्हणून गोंधळ होतो आणि त्या गोंधळात लाखो रुपये अडकतात.

पुराकडे परत येऊ. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेले, 2019 मध्ये 57 च्या पुढे, 2021 मध्ये पुन्हा 54 च्या आसपास. पूररेषा दोन: साधारण 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही, आणि निळी-लाल यांच्यामध्ये बांधायचे तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर. म्हणून या पट्ट्यातला नवा फ्लॅट पार्किंगवर उभा केलेला दिसतो. घर सुके राहते, पण मीटर बोर्ड, पंप आणि लिफ्टचा खड्डा खालीच असेल तर पुरानंतर महिनाभर हाल. जुन्या घरात प्लास्टरवर क्षाराची आडवी रेघ, फुगलेली चौकट, छातीच्या वर नेलेले स्विचबोर्ड पाहा. मालक काही म्हणो, भिंत सांगते. शामरावनगरासारख्या सखल भागात साचणारे पावसाचे पाणी पुराहून वेगळे आहे: गुंठेवारीत गटाराला जागाच सुटली नाही, आणि काळी माती पाणी मुरू देत नाही. हीच माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. मुरमापर्यंत न खोदलेल्या पायाच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा पडतात. रंग नवा असेल तर त्याच कोपऱ्यावर हात फिरवून बघा.

नव्या इमारतींत 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर 2017 पासून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंद लागते, आणि नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. सहा-सात फ्लॅटच्या छोट्या इमारती या नियमाच्या बाहेर राहतात आणि सांगलीत तशा पुष्कळ आहेत. तिथे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) स्वतः मागा, नाहीतर नळजोडणीपासून पुनर्विक्रीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर अडते.

खरेदीखताच्या दिवशी महापालिका हद्दीत 6 टक्के मुद्रांक (महिलेच्या नावावर 5), नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवायचा. त्यानंतर फेरफार, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, आणि मग उताऱ्यावर नाव. 30 वर्षांचा शोध घेताना ऑनलाइन सूची क्रमांक दोनवर (नोंदवलेल्या दस्तांच्या सारांशावर) समाधान मानू नये. जुन्या वह्या दुय्यम निबंधकाकडेच पाहाव्या लागतात, आणि गहाणाच्या नोंदी नेमक्या तिथेच सापडतात.