पंप डाव्या बाजूला, विषाणूचा मारा उजव्या बाजूला

आषाढी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यात पालख्या येतात, पाऊस येतो आणि घराघरांत ताप-खोकलाही येतो. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यातच असतो. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठून कामाला लागतो. थकलेल्या हृदयाला मदत म्हणून छातीत पंप बसवलेल्या रुग्णाला मात्र हाच ताप थेट आयसीयूपर्यंत नेऊ शकतो.

हे पंप आले कसे? १९६६ मध्ये ह्यूस्टनला डॉ. मायकेल डेबेकी यांनी शरीराबाहेर ठेवलेल्या पंपाने एका रुग्णाच्या डाव्या जवनिकेचं, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याचं, काम काही दिवस यशस्वीपणे सांभाळलं. प्रत्यारोपणासाठी हृदय मिळेपर्यंतचा आधार म्हणून अमेरिकेत अशा पंपाला मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. २००१ मध्ये १२९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभराने पंपवाले ५२ टक्के जिवंत होते, नुसत्या औषधांवरचे २५ टक्के. दोन वर्षांनी मात्र पंपवाल्यांतलेही २३ टक्केच उरले. मृत्यूचं मोठं कारण होतं जंतुसंसर्ग. पुढचे पंप आकाराने लहान झाले, सलग रक्त ढकलू लागले आणि पुष्कळ टिकाऊही झाले.

दुसरी गोष्ट विषाणूची, आणि ती पंपांहून जुनी. जून १९१८ मध्ये मुंबईत आलेला फ्लू रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. सोलापूर तर मुंबई-मद्रास मार्गावरचं गिरणगाव. फ्लूच्या साथीत हृदयविकाराने होणारे मृत्यूही वाढतात, हे अमेरिकेत १९३० च्या दशकात आकडेवारीतून दिसलं. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला १९३३ मध्ये. फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो, हे कॅनडातल्या अभ्यासाने २०१८ मध्ये मांडलं. दोन वर्षांत कोविड आला.

या दोन गोष्टी फुफ्फुसात एकमेकींना भेटतात. पंप सहसा फक्त डाव्या बाजूला असतो. फुफ्फुसांकडे रक्त ढकलायचं ओझं रुग्णाच्या स्वतःच्या, बहुधा आधीच थकलेल्या, उजव्या बाजूवरच राहतं. विषाणूने फुफ्फुसं सुजली, ऑक्सिजन उतरला की तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि उजवी बाजू दमते. मग डाव्या कप्प्यात रक्तच कमी पोचतं आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. अलार्म वाजतो, आणि घरच्यांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठीक असतं. त्यात तापाने, जुलाबाने अंगातलं पाणी घटलं तर आणखी कठीण. या रुग्णांना एरवी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असतं, म्हणून तापात किती प्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं लागतं.

पंपवाल्या रुग्णांना रक्त पातळ करणारी गोळी कायमची असते. जेवण तुटलं किंवा अँटिबायोटिक सुरू झालं की तिचा परिणाम कमी-जास्त होतो. दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी रक्तस्राव घडवू शकते. कोविडमध्ये उलटा धोकाही दिसला: रक्तात गुठळ्या होण्याचा.

तपासणीतही अडचण असते. रक्त सलग वाहत असल्याने बऱ्याच जणांची नाडी हाताला लागतच नाही, बोटावरचा ऑक्सिमीटर चुकू शकतो, रक्तदाब डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं उपकरण) लावून बघावा लागतो. अशा रुग्णाला आधी जवळच्या दवाखान्यातच नेलं जाणार, आणि तिथल्या नर्सने असा रुग्ण कधी पाहिलेला नसेल, तर तिचा गोंधळ होणं साहजिक आहे. त्यामुळे फ्लूची लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेऊन टाकावी असं मला मनापासून वाटतं. आणि पंपाच्या चार्ज केलेल्या बॅटऱ्यांच्या पिशवीत, जिथे पंप बसवला त्या रुग्णालयाचा फोन नंबर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.