बारा तासांची पाळी आणि थकव्याचे मोजमाप

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम राहतील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. चर्चा झाली ती ओव्हरटाइमची आणि गुंतवणुकीची. पण बाराव्या तासाला माणसाच्या हाताचे आणि लक्षाचे काय होते, हे मोजायला माणसाने केव्हाच सुरुवात केली होती.

इटलीतल्या तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधे यंत्र बनवले. हात बांधून ठेवायचा, मधल्या बोटाने दोरीला टांगलेले वजन पुन्हा पुन्हा उचलायचे आणि प्रत्येक उचल कागदावर उमटवायची. त्यांच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेतल्यानंतर वजन उचलले, तर बोट नेहमीपेक्षा लवकर थकले. काम डोक्याचे होते, ताण उमटला बोटात.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न प्रयोगशाळेतून थेट कारखान्यात आला. दारूगोळा कामगारांच्या आरोग्यासाठी ब्रिटनने 1915 मध्ये समिती नेमली. तिच्यासाठी काम करणाऱ्या एच. एम. व्हर्नन यांनी तोफगोळ्यांचे फ्यूज बनवणाऱ्या कारखान्यातल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. बारा तासांच्या पाळीत बायकांना होणारे अपघात दहा तासांच्या पाळीतल्या अपघातांच्या अडीच पट होते. आपल्याकडच्या आजच्या चर्चेत हा आकडा यायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या महायुद्धात केंब्रिजला वैमानिकांसाठी विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती उभारली. तिच्यात त्यांना तासन्‌तास बसवले. थकलेला वैमानिक समोरचे एक-दोन काटे पाहत राही आणि कडेची उपकरणे, अगदी इंधनाचा काटासुद्धा, विसरून जाई. ‘उतरायची वेळ आली’ असे वाटले की चुका एकदम वाढत. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, काम घसरत असताना आपले नीट चालले आहे असेच त्याला वाटे. पुढे 1948 मध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारख्या तबकडीवर दाखवून दिले की एकसुरी पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासानंतरच लक्ष ढळू लागते.

नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या सँड्रा हार्ट यांनी लोवेल स्टॅव्हलँड यांच्यासह 1988 मध्ये कामाचा भार मोजणारी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आज विमानापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत वापरतात. बौद्धिक भार, शारीरिक भार, घाई, कामगिरी, लागलेले कष्ट आणि वैताग या सहा बाबींवर काम करणाऱ्यानेच खुणा करायच्या. पण केंब्रिजचा अनुभव पाहता नुसते विचारून भागत नाही. म्हणून जोडीला हृदयाचे ठोके आणि चुकांची नोंदही ठेवली जाते.

हे मोजण्याची विद्या आपल्यापासून लांब नाही. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे आणि औद्योगिक शरीरशास्त्र व मानसशास्त्र हे तिच्या कामाचेच विषय आहेत. पॉवर प्रेसवर, भट्टीपाशी, पॅकिंगच्या पट्ट्यावर नवव्या आणि बाराव्या तासाला मोजून पाहता येईल. लेखी संमतीवर विसंबून राहण्याआधी ते व्हावे, कारण कामगार सही करतो तेव्हा तो थकलेला नसतो आणि थकल्यावर ते त्याचे त्यालाही नीट कळत नाही.