मोत्सार्टचा सी मायनर मास: रिकाम्या ओळी कोणी आणि कशा भरल्या

४ जानेवारी १७८३ ला मोत्सार्टने व्हिएन्नाहून वडिलांना लिहिले, की कॉन्स्टान्झेशी लग्नाच्या संदर्भात केलेल्या नवसाचा पुरावा म्हणून अर्ध्या मासची (कॅथलिक प्रार्थनाविधीसाठीच्या संगीतरचनेची) स्वरलिपी तयार आहे. उरलेला अर्धा कधीच झाला नाही. त्या वर्षी २६ ऑक्टोबरला साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठात हे संगीत सादर झाले आणि सोप्रानोचे (स्त्रियांच्या सर्वांत उंच आवाजाचे) एकल गायन स्वतः कॉन्स्टान्झेने केले. १७८५ मध्ये त्याने किरिए आणि ग्लोरिया या मासच्या पहिल्या दोन भागांचे संगीत ‘दाविदे पेनितेंते’ या दुसऱ्या गायनरचनेसाठी वापरले, दोन नव्या आरिया (एकल गाणी) जोडल्या आणि मास तसाच राहिला.

किरिए आणि ग्लोरिया पूर्ण आहेत. खरी अडचण सुरू होते क्रेडो या तिसऱ्या भागापासून. त्याच्या सुरुवातीच्या विभागात पाच आवाजांचा कोरस आणि बास (सर्वांत खालची वाद्यओळ) लिहिलेला आहे, बाकी वाद्यांच्या ओळी बऱ्याच रिकाम्या. क्रेडोतल्याच ‘एत इन्कार्नातुस एस्त’ या सोप्रानोच्या गाण्यात सोप्रानो, बासरी, ओबो, बसून आणि बास एवढेच जवळजवळ पूर्ण, तंतुवाद्ये संपादकाने भरायची. इथेच हात जड पडतो. मोत्सार्टने तीन सुषिरवाद्ये आणि गळा एकमेकांत गुंफून शेवटची कादेन्झासुद्धा (एकल कलाकारांची अलंकारिक लकेर) स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांच्याखाली व्हायोलिनची जाड भर घातली की सोप्रानोला श्वास घ्यायला आणि आवाज हलका ठेवायला जागाच उरत नाही. त्यामुळे मोजकी, विरळ भर हीच योग्य. क्रेडोत ट्रंपेट आणि टिंपनी (नगाऱ्यासारखी वाद्ये) घालायचे की नाही, यावर संपादकांचे एकमत नाही.

सांक्तुस-ओसाना या पुढच्या भागांची गोष्ट वेगळी. मोत्सार्टच्या बारा ओळींच्या कागदावर एवढी वाद्ये मावत नसल्यामुळे सुषिरवाद्ये आणि टिंपनी वेगळ्या कागदांवर लिहिली होती. ते कागद टिकले, मुख्य स्वरलिपी हरवली. उरली ती आउग्सबुर्गच्या माथेउस फिशर यांची नक्कल, आणि तिच्यात दोन कोरसांचे आठ आवाज कमी आवाजांत आटवलेले. १८४० ची आन्द्रे या प्रकाशकाची छापील आवृत्ती याच नकलेवर उभी आहे. पुढच्या संपादकांनी टिकलेल्या वाद्यओळींवरून आठ आवाज पुन्हा उलगडले. म्हणून कोरसच्या हातात जुनी आणि वादकांसमोर नवी प्रत असली, तर ओसानाच्या फ्यूगमध्ये (एकच धून आवाज एकामागून एक उचलतात अशा रचनेत) तालमीचा गोंधळ उडतो. प्रती मागवतानाच संपादकाचे नाव तपासावे.

आठ आवाज भागायचे तर प्रत्येक ओळीत किमान चार गायक, म्हणजे बत्तीस जण हवेत. एकल गायक चार: दोन सोप्रानो, एक टेनॉर (पुरुषांचा उंच आवाज), एक बास (पुरुषांचा खालचा आवाज). त्यातला बास बेनेडिक्टुस या टिकलेल्या शेवटच्या भागापर्यंत गप्प बसतो.

पूर्णत्वाचा प्रयत्न १९०१ मध्ये ड्रेस्डेनला आलोइस श्मिट यांनी केला: क्रेडोतली पोकळी मोत्सार्टच्या इतर धार्मिक संगीताने भरली आणि आग्नुस देई या मासच्या शेवटच्या भागासाठी किरिएचे संगीत वापरले. १९५६ मध्ये रॉबिन्स लॅंडन यांनी उलट दिशा धरली आणि मूळ तुकडाच नीट मांडला. हेल्मुट एडर, रिचर्ड मॉंडर यांच्या आवृत्त्या नंतर आल्या. २००५ मध्ये रॉबर्ट लेविन यांनी मोत्सार्टच्या स्केचेसचा आणि ‘दाविदे पेनितेंते’चा आधार घेऊन पूर्ण मास उभा केला. त्यांची कारागिरी ऐकण्याजोगी आहे. तरी पहिल्यांदा हा मास बसवणाऱ्यांनी तुकडाच निवडावा: बेनेडिक्टुसच्या शेवटी परतणाऱ्या ओसानावर, सी मेजरमध्ये, थांबावे.