स्लॅब उन्हाने पक्का होतो का?

‘कडक उन्हात स्लॅब लवकर वाळतो, म्हणून जास्त पक्का होतो’ असा मेसेज दर उन्हाळ्यात नाशिकच्या ग्रुपांवर फिरतो. चिखल वाळून घट्ट होताना आपण पाहतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते, तिच्यातून ताकद येते. पाणी उडालं की ती क्रिया अडते, वर तडे जातात ते वेगळेच.

पटत नसेल तर पावसात भिजलेली सिमेंटची गोणी आठवा. तिचा दगड होतो, आणि तोही ओलीनेच! खात्री हवी तर एकाच मालाचे ठोकळे टाका, निम्मे पाण्यात, निम्मे उन्हात ठेवा आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडून बघा.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओल टिकवायची. म्हणून तर गवंडी स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरतात.