गोळीच्या आधीही संततिनियमन होतं

‘1960 साली गोळी आली आणि बायकांना संततिनियमन मिळालं’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की ते खरंच वाटू लागतं. यातली फक्त तारीख बरोबर आहे. 1960 मध्ये अमेरिकेत ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. पण बायकांची धडपड त्याच्या कितीतरी आधीची.

साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात एक कृती आहे: बाभळीच्या जातीच्या झाडाचा भाग खजुरासोबत वाटायचा, मध घालायचा, त्यात कापसासारखा बोळा भिजवून योनीत ठेवायचा. हा निव्वळ तोडगा नव्हता. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि ते शुक्रजंतूंना मारक ठरतं. (पण म्हणून आज कुणी हा प्रयोग करू नये, त्याचा भरवसा नाही.) रबरी निरोधही एकोणिसाव्या शतकातलेच.

दुसरी चूक मला जास्त खटकते. गोळी निघाली म्हणजे ती हातात पडली, असं नव्हतं. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात गर्भनिरोधक वापरणं हाच गुन्हा होता. 1961 मध्ये तिथल्या न्यू हेवन शहरात संततिनियमनाच्या कार्यकर्त्या एस्टेल ग्रिसवोल्ड यांनी संततिनियमनाचा दवाखाना उघडला आणि थोड्याच दिवसांत त्यांना अटक झाली. 1965 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तोही विवाहित जोडप्यांच्या हक्काचा आधार घेऊन. अविवाहितांना तो हक्क मिळायला 1972 उजाडलं. फ्रान्सने गर्भनिरोधकांबद्दलचा कायदा बदलला 1967 मध्ये. जपानमध्ये तर कमी मात्रेच्या गोळीला मान्यता मिळाली थेट 1999 साली.