बाळाच्या ओठावरचा फोड: ओठाला हात लावू नका, बाटलीकडे बघा

दूध संपतं, बाळ बाटली सोडतं आणि वरच्या ओठाच्या अगदी मधोमध एक पांढुरका फुगीर ठिपका दिसतो. दोन दिवसांनी त्याची सालपटं निघतात, ओठ साफ होतो आणि आठवड्याभरात फोड पुन्हा तिथेच. दूध जास्त गरम होतं का, बाटली नीट उकळली नव्हती का, या विचाराने आई-बाबांची झोप उडते. बहुतेक वेळा यातलं काहीच घडलेलं नसतं. हा चोखण्याचा फोड असतो आणि तो दुखतही नाही. बाळ एरवीसारखं आनंदाने दूध पीत असेल तर तीच त्याची खूण समजावी.

कुदळ धरून हाताला घट्टा पडतो, तसाच हा ओठाचा घट्टा. एकाच जागी घासलं गेलं की तिथल्या वरच्या पेशी जाड होतात आणि पाणी धरून फुगतात. ओठ सतत ओला असल्यामुळे ही जाड साल भिजून पांढरी दिसते, जशी बराच वेळ पाण्यात राहिल्यावर आपली बोटं दिसतात. कधी घर्षण जास्त झालं तर कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे थोडं पाणी साचतं.

काही बाळं असा फोड घेऊनच जन्माला येतात, तोही ओठावर नाही, तर मनगटावर, हातावर किंवा अंगठ्यावर. पोटात असताना त्यांनी ती जागा चोखलेली असते! गर्भ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतो. जन्मानंतर तो हात तोंडाजवळ नेला की पुष्कळदा बाळ नेमकी तीच जागा पकडतं. मला हे फार विलक्षण वाटतं. बाहेरचं दूध मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ते या कामाचा सराव करत असतं.

आणि काम खरंच मोठं आहे. जीभ निपलला खालून द्रोणासारखी धरते, टाळूवर दाबते आणि मग खाली जाते. तोंडात पोकळी तयार होते, हवेचा दाब घटतो आणि दूध आत ओढलं जातं. हे जमायचं तर ओठांची पकड हवाबंद हवी. दूध येत असताना बाळ साधारण सेकंदाला एकदा ओढतं, नुसती चोखणी तोंडात असेल तर सेकंदाला जवळपास दोनदा. मधली विश्रांती धरली तरी एका वेळच्या दुधात ओठ शेकडो वेळा घासला जातो.

म्हणून फोडाला औषध नको, पण तो वारंवार येत असेल तर बाटली धरण्याची पद्धत जरूर तपासावी. सगळ्यात आधी वरचा ओठ बघा. तो निपलवर बाहेरच्या बाजूला उलगडलेला असला पाहिजे. आत दुमडला असेल तर ओठाची कोरडी बाजू रबरावर घासत राहते. अशा वेळी बोटाने हलकेच ओठ बाहेर काढावा. बाळाने नुसतं टोक धरू नये. त्याने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबावं आणि मगच निपल आत जाऊ द्यावं.

दुसरी गोष्ट दुधाचा वेग. वेग जास्त असला की बाळ धार अडवायला ओठ आवळून धरतं. कडेने दूध ओघळतं, ठसका लागतो, बोटं ताठ पसरतात. वेग कमी असला की जोर लावून ओढावं लागतं, दूध अर्ध्या तासाहून जास्त रेंगाळतं आणि बाळ दमून झोपी जातं. निपलवरच्या नंबरावर फार विसंबू नका. एका कंपनीचा १ नंबर दुसरीच्या १ नंबराइतकंच दूध सोडेल असं नाही. सुईने भोक मोठं करणं मात्र धोक्याचं, कारण मग धारेवर काही ताबाच राहत नाही. ओढताना निपल चपटं होत असेल तर बाटलीची कडी किंचित सैल करावी, म्हणजे हवा आत शिरते. बाळाला जरा उभं धरून बाटली जवळपास आडवी ठेवली आणि मधेमधे थांबलं, तर वेग बाळाच्या ताब्यात राहतो.

ओठावर फोड दिसला म्हणजे जीभ खाली किंवा वरचा ओठ हिरडीला चिकटलेला आहे, असंही सांगितलं जातं. केवळ फोडावरून तसं ठरवता येत नाही, आणि तेवढ्यासाठी जिभेखालचा पडदा कापून घेऊ नये.

फोड फोडू नये, साल ओढू नये. दुखणं मारणारी बेंझोकेनची जेल लावू नये. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोकादायकरीत्या घटू शकते. १ वर्षाच्या आत मधाचं बोटही नको, त्यातून बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो.

आता ज्याची खरी काळजी करावी ते. लाल झालेल्या कातडीवर पाण्याचे बारीक फोड घोळक्याने आले असतील तर ते नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे असू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत हा संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. ज्याच्या ओठावर हर्पिसचे फोड आलेत, त्याने बाळाची पापी घेऊ नये. मधासारखी पिवळी खपली जिवाणूंकडे बोट दाखवते, तर जिभेवर आणि गालाच्या आत न निघणारा पांढरा थर बुरशीकडे. दूध नको म्हणणारं, मलूल पडलेलं किंवा नेहमीपेक्षा फार कमी लंगोट ओले करणारं बाळ लगेच डॉक्टरांना दाखवावं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट पाहू नये. निघताना फोडाचा उजेडात काढलेला फोटो, शेवटचं दूध कधी आणि किती प्यायलं आणि दिवसभरात किती लंगोट ओले झाले, एवढं सोबत असलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं.